आत्तीची साक्ष

आमच्या आत्तीला हळू बोलणं ठाऊकच नव्हतं. तिनं विहिरीवरून हाक मारली, की वस्तीच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जाई. "बाईमाणसानं असं वरडू नये," असं कुणी म्हटलं तर म्हणायची, "ऐकू यावं म्हणूनच बोलत्यात न्हवं?"

आमचं गाव उंब्रजजवळ. एकोणीसशे साठ नुकतंच उलटलं होतं. आज्जानं बौद्ध धम्म घेतला होता, पण आमचं पोट अजून ऊसवाल्यांच्या रानातल्या मजुरीवरच चालायचं. आत्ती तेव्हा अठरा-एकोणीस वर्षांची. एका दुपारी वैरणीचा भारा घेऊन येताना मळेवाल्याच्या पोरानं तिला उसात ओढलं आणि तिच्यावर बळजबरी केली.

ती रडत घरी बसली नाही. आधी पोलीसपाटलाकडं गेली. तो आरोपीच्याच भावकीतला. "घरी जा, आंघोळ कर आन गप ऱ्हा," एवढंच तो बोलला. मग उसाच्या पाल्यानं ओरबाडलेल्या अंगानं ती आज्जासमोर येऊन उभी राहिली. "दादा, फौजदाराकडं चला." बापलेक चालत उंब्रजला गेले आणि फिर्याद लिहून घेतल्यावरच उठले.

मग गावची मोठी माणसं आमच्या दारात आली. "मिटवून टाक गड्या. पोरीचं लगीन व्हायचं न्हाई." आत्तीच आतून बाहेर आली. "लगीन न्हाई झालं तरी मी जगंन. ह्यो मोकळा फिरला तर उद्या दुसरीला धरंल. तवा तुमी तिच्या दारात बी असंच येणार का?" मंडळी उठून गेली. दुसऱ्या दिवसापासून आम्हाला गावातलं काम बंद झालं. आज्जा आणि माझे वडील कराडकडं खाणीत दगड फोडायला जाऊ लागले.

साताऱ्याच्या कोर्टातली हकिगत मी वडिलांच्या तोंडून कितीदा तरी ऐकली आहे. त्या पोराच्या वकिलानं विचारलं, "चारचौघांत हे सांगायला लाज नाही वाटत?"

आत्ती म्हणाली, "मी लाजंसारखं काय केलंय, सायब? ज्यानं केलं, त्याला इचारा."

तिची किंकाळी शेजारच्या रानात खुरप्यानं भांगलणाऱ्या कोंडाबाईनं ऐकली होती. कोंडाबाई आरोपीची चुलती. घरच्यांनी तिला धमकावलं, तरी ती साक्षीला आली. "पुतण्या हाय माझा. पर मी वरडणं ऐकलं, त्येला उसातनं पळताना बघितलं. खोटं कसं सांगू?"

पोराला सक्तमजुरी झाली. शाळेत पोरी माझ्याकडं बघून कुजबुजायच्या, "ती हिची आत्ती." मी ताठ मानेनं सांगायची, "व्हय, माझीच."

दोन-तीन वर्षांनी कवठे महांकाळकडचा एक फौजी तिला बघायला आला. पोहे पुढं ठेवायच्या आधीच आत्तीनं त्याला सगळं सांगितलं. तो शांतपणे म्हणाला, "मला ठावं हाय. म्हणूनच आलोय."

लग्नानंतर ती सासरी निघाली, त्या दिवशी कोंडाबाई भर दुपारी, सगळ्या गावासमोर आमच्या वस्तीत आली. आमच्या घरात बसून चहा प्याली. मग आत्तीची ओटी भरली आणि तिचा चेहरा दोन्ही हातांत धरून म्हणाली, "माझ्या लेकी आता एकट्या रानात जात्यात, बाय. तुझ्यामुळं."