शेप फंक्शन आणि झाडूचा दांडा

पुण्याच्या नोकरीचं पत्र हातात होतं, पण त्यात एक मेख होती: शेवटच्या वर्षाला पास झालात तरच या. माझं घोडं अडलं होतं प्रोजेक्टच्या तोंडी परीक्षेपाशी. गावातल्या साकवाच्या, म्हणजे ओढ्यावरच्या छोट्या पुलाच्या, तुळईवर भार पडला तर ती किती वाकेल, हे मी कॉम्प्युटरवर काढलं होतं. काढलं म्हणजे काय, बटणं दाबली होती! लाल-हिरवी चित्रं मात्र अशी झकास आली होती की मी स्वतःवरच खूश होते.

परीक्षक कोल्हापूरकडचे. चित्रं उलटसुलट करून बघत म्हणाले, "रंगकाम झ्याक आहे. आता शेप फंक्शन म्हणजे काय, तेवढं सांगा."

मेले! आठवडाभर घोकलेलं सगळं एका फटक्यात साफ. "सर, ते... एक वजा एक्स भागिले एल..."

"सूत्र नको. अर्थ सांगा. नाहीतर भेटू सहा महिन्यांनी."

सहा महिने? तोवर ती नोकरी माझ्यासाठी कोण राखून ठेवणार होतं! मी छताकडे बघितलं, जमिनीकडे बघितलं. कोपऱ्यात लांब दांड्याचा झाडू उभा होता. तो बघितला आणि पालीजवळचं आमचं गाव आठवलं. मे महिन्यात जवळची विहीर आटली की मी आणि आई सड्याच्या, त्या उघड्या कातळाच्या माळाच्या, पलीकडच्या विहिरीवर जायचो. येताना बांबूला दोरीने पाण्याचा डबा टांगायचा. पुढचं टोक आईच्या खांद्यावर, मागचं माझ्या.

"सर, रागावणार नसाल तर हे टोक धरता?"

बिचाऱ्यांनी धरलं. दुसरं टोक मी धरलं आणि माझी जड बॅग मधोमध अडकवली. "आत्ता निम्मा भार तुमच्याकडे, निम्मा माझ्याकडे." मग बॅग त्यांच्या बाजूला ढकलली. "आता?"

"अहो, जड झालं की!"

"आणि माझं हलकं झालं. पार तुमच्या हातापाशी नेली की तुमच्याकडे एक, माझ्याकडे शून्य. कुठेही ठेवा, दोघांची बेरीज एकच. मधल्या भारात कुठल्या टोकाचा वाटा किती, ते सांगतं शेप फंक्शन. तुळई वाकते म्हणून तिथे सूत्र मोठं होतं, पण मूळ गोष्ट हीच."

"हे कुठल्या पुस्तकात वाचलंत?"

"पुस्तकात नाही सर. आई पुढे चालायची, तिला मागचं दिसायचं नाही. मी हळूच दोरी तिच्याकडे सरकवायचे."

परीक्षक आणि मागे पाळीची वाट बघत बसलेली मुलं, सगळेच खो खो हसले. मीही हसले, पण मध्येच कसंसंच वाटलं. परीक्षकांनी भरभरून मार्क दिले.

संध्याकाळी घरी पोचले तर आई मासळी साफ करत बसली होती. "पास झालीस ना? काय विचारलंन गो त्याने?"

"काही नाही, दोघांनी मिळून ओझं न्यायचं गणित होतं."

"मग तुला येणारच. दोरी सरकवण्यात तुझा हात कोण धरणार?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "तुला माहीत होतं? मग बोलली का नाहीस कधी?"

"बोलले असते तर दांडा टाकून पळाली असतीस," आई सुरी न थांबवता म्हणाली. "बापूस बोटीवर. कमी तर कमी, तुझा खांदा होता म्हणून घरात पाणी येत होतं."