आधी मासळी, मग सोलापूर

डॉ. गफूर पटेल सरांना पंचाहत्तर वर्षं पूर्ण होत आहेत, गौरवग्रंथासाठी त्यांच्याविषयी चार गोड शब्द लिहा, असा समितीचा निरोप आला. गोड शब्दांना माझी ना नाही. पण सरांबरोबर इतकी वर्षं काम केलेल्या माणसाकडे ते फारसे शिल्लक राहत नाहीत, हे समितीनं ध्यानात घ्यावं.

सरांची पहिली ओळख धाराशिवच्या महाविद्यालयात, प्राणिशास्त्राच्या प्रात्यक्षिकाला झाली. मी अणदूरची, ज्या घरात अंडंही शिजत नाही अशा घरातली. सरांनी माझ्या हातात माशाचं मुंडकं ठेवलं आणि म्हणाले, "मेंदूच्या खाली ज्वारीच्या कणीएवढी ग्रंथी हाय. न फोडता काढ." मी तोंड फिरवलं. सरांनी दुसरं मुंडकं आणून शेजारी ठेवलं. वर्षभर बाजारातल्या मासळीवाल्यांकडून मुंडकी मागून आणायचं काम माझ्याच गळ्यात पडलं. अंघोळ केल्याशिवाय आई मला चुलीपाशी फिरकू देत नसे. ग्रंथी मात्र आजही माझ्या हातून फुटत नाही.

त्या पीयूषिका ग्रंथीपायी सरांनी आयुष्य वेचलं. रोहू, कटला हे मुळात नदीचे मासे. तळ्यात ते अंगानं भरतात, मादीच्या पोटात अंडीही वाढतात. पण पुराचं वाहतं पाणी मिळाल्याशिवाय ती ग्रंथी पुरेसं संप्रेरक सोडत नाही आणि अंडी पोटातच जिरून जातात. आपल्या जिल्ह्यात पुराची वाट बघत बसलं तर झालंच. म्हणून ते संप्रेरक सुईनं द्यायचं. पूर्वी मत्स्यबीज, म्हणजे माशांची इवली पिलं, लांबून यायचं आणि वाटेतच मरायचं. निवृत्तीनंतर सरांनी माकणीच्या धरणाजवळ बीजकेंद्र उभारलं ते त्यामुळेच.

कौतुक इथं संपतं. मादीच्या पोटावरून हात फिरवून सरांनी "हं" म्हटल्याशिवाय तिथं कुणी सुई उचलायची नाही, असा दंडक आहे. हात फक्त सरांचा. मी डॉक्टरेट मिळवली, विभागप्रमुख झाले, केस पांढरे झाले. तो मान काही मिळाला नाही. विचारलं की एकच उत्तर, "तुझ्या बोटांना लई घाई हाय."

गेल्या पावसाळ्यात मच्छीमार संस्थेचे महादूअण्णा केंद्रावर रोज खेटे घालत होते. "सर, धरणात पानी आलंय. आता पिलं न्हाय मिळाली तर अख्खं वरीस वाया."

"मादी पिकली न्हाय, अण्णा. सुई मादीला पिकवत नसते. पिकलेल्या मादीला ती नुसतं 'आता' म्हणते."

शास्त्र म्हणून हे बिनचूक आहे. रोज ऐकावं लागलं की डोकं उठतं.

त्याच आठवड्यात चाचींचा, म्हणजे सरांच्या पत्नींचा फोन आला. "बेटी, छातीत दुखतंय म्हणून ह्यांना सोलापूरला नेलं होतं. नस बंद झालीय म्हणं. आजच्या आज दाखल व्हा म्हणून डॉक्टरनं सांगितलंय, आन् हे म्हणत्यात, आधी मासळी, मग सोलापूर. तू तरी सांग."

मी केंद्रावर पोचले तर सर हौदात, कमरेएवढ्या पाण्यात उभे.

"सर, बाहेर या. सुई मी देते."

"सबर धर. दोन दिवसाचा तर प्रश्न हाय."

"मासळीला आहेत दोन दिवस, तुम्हाला नाहीत!" मी ओरडलेच. "आणि तुम्ही गेलात तर पुढच्या वर्षी मादी कोण बघणार? मी? मला शिकवलंय कुठं तुम्ही?"

महादूअण्णा दुसरीकडे बघू लागले. सर हौदाच्या कडेला सरकले. मग म्हणाले, "ये आत."

मी साडीसकट हौदात उतरले. त्यांनी एक मादी धरली आणि माझी बोटं तिच्या पोटावर टेकवली. "ही घट्ट. हिला सोड." दुसरी धरली. "ही जवळ आली. परवा हिचं पोट ह्याच्याहून मऊ लागंल. मग दे." मग ओले कपडे बदलून ते मुकाट्यानं गाडीत बसले.

ठरल्या दिवशी मी पहिली सुई दिली, काही तासांनी दुसरी. दुसऱ्या दिवशी हौदात अंडीच अंडी फिरत होती. महादूअण्णांनी पाण्यालाच हात जोडले. स्टेंट बसवून पडलेल्या सरांना मी सोलापुरात जाऊन मोबाइलवर फोटो दाखवला. त्यांनी तो निरखून पाहिला. "पांढरी बरीच दिसत्यात, ती वाया गेली. दुसरी सुई उशिरा दिलीस." ते खरं होतं, आणि संताप त्याचाच येतो. पण त्या दिवशी मी जिन्यात जाऊन रडले तीही त्याच वाक्यापायी, कारण ते ऐकायला मिळेल याची मला खात्री राहिली नव्हती.

सर, फेरतपासणीला बोलावलेलं असताना तुम्ही "हंगाम होऊ दे" म्हणून टाळलंत, हे चाचींनी मला सांगितलं आहे. तुम्हाला निरोगी आणि उदंड आयुष्य लाभो, असं या ग्रंथात सगळेच लिहितील. माझीही इच्छा तीच आहे. पण तुमचा स्वभाव पाहता नुसत्या इच्छेवर माझा भरवसा नाही. म्हणून सत्काराच्या दुसऱ्या दिवशीची डॉक्टरांची वेळ मी घेऊन ठेवली आहे. सकाळी सातला दारात येते. चपला घालूनच बसा.