बुरुलवहिनीचा ठेका

आमच्या डोंगराळ नारिन गावात बँडला लोक अजून ‘मेदेरचा बँड’ म्हणतात. मेदेर दर वेळी सांगतो, “माझा नाही, बायकोचा आहे.” लोकांना वाटतं, थट्टा करतोय.

बुरुलवहिनी लग्न होऊन आली तेव्हा फार हसायची. मेदेर माझा लहानपणापासूनचा दोस्त, त्यामुळे मी त्याच्या घरी सारखा टपकायचो. चहा ओतता ओतता ती विचारायची, “तोको, तुझ्या आईनं चुलीला कुलूप लावलंय का रे?” मग एका वसंतात त्यांचं पहिलं बाळ जन्मलं ते रडलंच नाही. त्यानंतरही मला चहा मिळायचा, तळलेले बोरसोकही गरमच असायचे, पण चिडवणं थांबलं. मेदेरची आई कालीपा अपा म्हणजे मोठी तिखट जिभेची बाई. तीसुद्धा सुनेसमोर दबक्या आवाजात बोलायला लागली. आणि मेदेर? तो संध्याकाळभर गोठ्याशेजारच्या खोलीत गिटार घेऊन बसायचा.

तेव्हा आम्ही तिघं लग्नांत वाजवायचो. मेदेर गिटार, मी बेस, आणि शाळेत इंग्रजी शिकवणारा नुरदीन कीबोर्ड सांभाळत गायचा. खरं तर वाजवायचो म्हणणंही खोटंच. त्या काळात सगळीकडे कॅसेट चालायची आणि गाणाऱ्यानं नुसते ओठ हलवायचे. एका लग्नात कॅसेट अडकली. नुरदीन तोंड उघडून तसाच उभा. नवरीचा मामा कुमिसचा, म्हणजे आंबवलेल्या घोडीच्या दुधाचा, वाडगा घेऊन आला नि म्हणाला, “पी बाळा, घशात काहीतरी अडकलंय तुझ्या.” अख्खा मांडव हसला.

परतताना गाडीत नुरदीननं ती कॅसेट पिशवीत कोंबली. मग म्हणाला, “बास झालं. यापुढे जे वाजेल ते आपल्या हातांनी. रॉक वाजवायचं, खरंखुरं.”

“आणि ड्रम कोण वाजवणार? नवरीचा मामा?” मी विचारलं.

आमचा पूर्वीचा ड्रमवाला रशियात मजुरीला गेला होता. सांस्कृतिक भवन थंडीमुळे बंदच असायचं. तिथल्या रखवालदाराला विचारून भवनाचे जुने ड्रम आम्ही मेदेरच्या खोलीत आणले. मी बसून बघितलं, तर हात चालला की पाय थांबायचा. मेदेरचं त्याच्या उलट. शेवटी ठेका देणारं एक यंत्र आणलं, पण ते कुणासाठी थांबायचं नाही. नुरदीन श्वास घ्यायला थबकला की ते पुढे निघून जायचं.

शरद ऋतूत एका दुपारी आम्ही नवीन गाणं बसवत होतो. तीन दिशांना पळणारं ते गाणं मधेच कसं कोण जाणे, एका वाटेला लागलं. मेदेर डोळे मिटून वाजवत होता. नुरदीनला श्वास पुरत होता. आणि अचानक तिघांचाही ताल एकदमच सुटला.

“यंत्र बंद पडलं वाटतं,” नुरदीन म्हणाला.

यंत्राची वायर भिंतीतून कधीच निघून आली होती. आम्ही दार उघडलं. अंगणात वाळलेल्या कातड्यावर लोकर पसरून वहिनी आणि अपा बसल्या होत्या, दोघींच्या दोन्ही हातांत काठ्या. दम खायला त्या नुकत्याच थांबल्या होत्या.

“काय बघताय?” अपा खेकसली. “लोकर झोडताना कधी बघितली नाही? या, हातभार लावा.”

मेदेर बायकोकडे बघतच राहिला. “बुरुल, आमच्याबरोबर वाजवत होतीस का तू?”

वहिनीनं डोक्यावरचा रुमाल सारखा केला. “तुम्ही घाई करत होता. मी जरा हळू केलं,” ती म्हणाली. “तर तुम्ही पण हळू झालात.”

महिनोन्महिन्यांत एका दमात तिला एवढं बोलताना मी ऐकलं नव्हतं.

ड्रमवर बसायला तिनं साफ नकार दिला. पण दोन-तीन दिवसांनी अपा बाजारात गेलेली बघून ती खोलीच्या दारात आली. “एकदाच हं,” म्हणाली. हातांचं तिला काहीच शिकवावं लागलं नाही. पायानं मात्र सतावलं. मग मेदेर म्हणाला, “शिवणयंत्र चालवतेस ना, तसं दाब.” तिनं दाबलं, मोठा ड्रम धडाडला, शेजारच्या गाईनं हंबरडा फोडला आणि वहिनी हसली. पोट धरून हसली. मेदेरनं गिटारची तार जुळवायला मान खाली घातली ती बराच वेळ वर केली नाही.

अपाला कळलंच. ती दारात येऊन उभी राहिली. “घरची सून पाय फाकून ढोल बडवणार? चार गावांच्या म्हाताऱ्यांसमोर? आणि या प्रकाराला म्हणतात तरी काय?”

“रॉक,” नुरदीन म्हणाला. “इंग्रजीत दगड.”

“तरीच! खडी फोडल्यासारखं वाजवता!”

दुसऱ्या दिवसापासून वहिनी आली नाही. मेदेर आईशी भांडला, तर वहिनीनंच त्याला गप्प केलं. “अपांना बोलू नका. माझ्याबरोबर त्याही कमी रडल्या नाहीत.”

आम्ही पुन्हा यंत्र लावलं. आठवडाभरानं अपा खोलीत आली, तिनं यंत्राची वायर उपटली आणि एक गाठोडं माझ्या मांडीवर टाकलं. आत मखमलीचा काळा पायजमा होता, इतका घेरदार की त्यात दोन माणसं मावली असती. कडेला नक्षी होती, अपानं स्वतःच्या हातानं शिवलेली.

“हा घालून बसू दे तिला,” ती म्हणाली. “घरात हसू आलं होतं, मी मूर्खासारखं त्याला बाहेर काढलं.” मग दारातून वळून म्हणाली, “आणि तोको, तू सगळ्यांच्या मागे पडतोस. बहिरा आहेस का?”

बँडचं नाव आम्ही ‘ताशतार’ ठेवलं, म्हणजे आमच्या भाषेत दगड. पहिला कार्यक्रम अत-बाशीला, नुरदीनच्या चुलतबहिणीच्या लग्नात. ड्रमवर बाई बघून पुढच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्यानं टोपी डोळ्यांवर ओढली. पहिल्या गाण्यात वहिनीच्या हातून काठी निसटली. अपा स्वयंपाकाच्या बायकांमधून उठली, काठी उचलून सुनेच्या हातात दिली आणि तिथेच, ड्रमच्या शेजारी, स्टूल ओढून बसली. तिच्याकडे बघून कुणाची बोलायची छाती झाली नाही. तिसऱ्या गाण्याला पोरी नाचायला उठल्या, चौथ्याला त्यांच्या आया. टोपीवाला म्हातारा नाचला नाही, पण निघताना वहिनीपाशी थांबला. “माझ्या नातीचं लग्न आहे हिवाळ्यात. येशील ना, पोरी?”

तेव्हापासून आम्ही वाजवतोय. नुरदीन मधे दोन वर्षं राजधानीत, बिश्केकला राहिला, तिथे करमेना म्हणून परत आला. वहिनीला पुढे मूल झालं नाही. मेदेरच्या धाकट्या भावानं आपली तिसरी मुलगी त्यांच्या ओटीत घातली. ती ड्रमच्या आवाजात झोपायची, शांततेत जागी व्हायची.

परवा कोचकोरला कार्यक्रम होता. परतताना घाटात गाडी संथ झाली तेव्हा मेदेरनं गाडी चालवता चालवता मागे वळून विचारलं, “दमलीस?”

“मी कशाला दमू?” वहिनी माझ्याकडे हनुवटीनं खूण करून म्हणाली. “दमलाय तो. अख्खी दुपार मी त्याला ठेक्यावर ओढून आणलंय.”

मेदेर इतका हसला की गाडी बाजूला घेऊन थांबवावी लागली.