शेंदराखालचा नंबर

दाजी गेल्याचा फोन त्यांच्या धाकट्या भावानं, दिगंबरनं केला. मी लोहाऱ्याच्या स्टँडवर चहा पीत उभा होतो. "दादा गेले... झोपेतच," एवढं बोलून तो थांबला. मग विचारलं, "गाडीची दुसरी चावी कुठं आसती, वैनी तुमाला कधी बोलल्या व्हत्या का?" माणसाला अजून घराबाहेर काढलं नव्हतं आणि ह्याचा जीव चावीत अडकला होता. गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच लिहावं म्हणतात. तसं करायचं तर माझ्या थोरल्या बहिणीच्या, म्हणजे आक्काच्या नवऱ्यावरचा हा मजकूर इथंच संपवावा लागेल.

माकणी गावात दाजींची ओळख म्हणजे त्यांची पांढरी गाडी. तिच्यातलं त्यांना ओ की ठो कळत नव्हतं. पण बॉनेट उघडून, कमरेवर हात ठेवून, आत गंभीरपणे बघत उभं राहणं त्यांना छान जमायचं. लोकांना वाटायचं, आता हे काहीतरी दुरुस्त करणार. ते थोडा वेळ बघायचे आणि बॉनेट आपटून बंद करायचे. त्यांच्या शेजारच्या सीटवर गावातला कुठलाही रिकामटेकडा बसू शकत असे. आक्का मात्र मागं, पिशव्यांबरोबर, आणि तेही एखादं लग्न असलं तर. येडशीला दिलेली लेक आजारी पडली तेव्हा आक्का काळ्यापिवळ्या जीपमध्ये स्वतःला कोंबून घेऊन गेली, गाडी दारात लिंबाखाली उभीच होती. मी न राहवून विचारलं, "दाजी, आक्काला सोडून का नाही आलात?" तर मलाच उलट म्हणाले, "आरं, गाडी कशालाबी काढायची आसती व्हय?" आजारी लेक ही त्यांच्या हिशेबी 'कशालाबी' होती. ते मी अजून विसरलेलो नाही.

खंडेनवमीला बाकीचं गाव बॉनेटवर हळदकुंकवाची बोटं ओढून, लिंबू बांधून मोकळं व्हायचं. दाजींचं तेवढ्यात भागत नसे. गाडी नवी घेतली तेव्हा विकणाऱ्यानं त्यांना इंजिनवर कोरलेला नंबर दाखवला होता. गाडीची खरी ओळख ही, असं तो सहज बोलून गेला असावा. दाजींनी त्यातून काढलेला अर्थ असा, की गाडीचा देव तिथं बसतो! मग मारुतीला लावतात तसा शेंदूर तेलात खलून दरवर्षी ते नेमका त्या नंबरावर थापत राहिले. शेजारी आक्का तबक धरून उभी. "गाडीचा जीव हितं हाय," हे ज्ञान तिला दर खंडेनवमीला नव्यानं मिळायचं; हे सगळं मला आक्कानं पुढं सांगितलं.

तेरावं झालं आणि आक्का म्हणाली, "गाडी माज्या नावावर करायची. म्या चालवाया शिकणार. लेकीकडं जायाला मला कुणाच्या तोंडाकडं बघायचं न्हाय." तिला दुसरं काहीही नको होतं. त्यासाठी धाराशिवला आरटीओत गाडी तपासून घ्यायची, तिथं चेसिस नंबर आणि इंजिन नंबर कागदांशी जुळायला हवेत. म्हणून आधी दारातच शोधाशोध. चेसिसचा सापडला. बॉनेटखाली इंजिनचा काही दिसेना. दिगंबर आणि त्याचे दोन मित्र मोबाईलची बॅटरी लावून सीटखाली घुसले, दाराच्या चौकटी चाचपल्या. एका हुशारानं तर डिकी उघडली... इंजिनचा नंबर डिकीत! एवढी शोभा करून झाल्यावर दिगंबर हात झटकत म्हणाला, "घासून गेला आसंल. आता काय ही नावावर व्हत न्हाय, वैनी. ऱ्हाऊ द्या माज्या शेडात, म्या बघतो तिच्याकडं." ते 'बघणं' म्हणजे काय, हे तिथल्या कोंबड्यांनाही कळलं असेल.

आक्का ओट्यावर बसून सगळं बघत होती. "झालं का हुडकून?" ती म्हणाली. "नंबर शेंदराखाली हाय." इतका वेळ तिला कुणी विचारलंच नव्हतं.

दिगंबरला एकदम भक्ती सुचली. "दादानं सोताच्या हातानं लावलाय त्यो. देवाचं हाय. खरडायचा न्हाय." ज्यानं दादाला जिवंतपणी कधी पाण्याचा तांब्या दिला नाही, तो हा भाविक! आक्का घरातून भाकरीचं उलथनं घेऊन आली, साडी खोचली आणि वाकली. वाळलेल्या शेंदराचे ढलपे पडू लागले. खाली जुना थर, त्याच्याखाली आणखी जुना... मग एकेक आकडा वर आला. ती मोठ्यानं वाचत होती, मी कागदावर बघत होतो. सगळे जुळले. उलथनं हातात तसंच धरून आक्का रडली, आणि मलाही आवरलं नाही.

गाडी नावावर झाली त्या दिवशी दिगंबर कुंकवाची वाटी घेऊन हजर. "तुमी लावू नगा वैनी, तुमाला आता चालत न्हाय. म्या लावतो, दादाच्या जागंवर." आक्कानं उघडं बॉनेट खाली ओढलं. "भावजी, ती जागा आता माज्या नावावर हाय."

हल्ली ती धरणाच्या रस्त्यावर गाडी शिकते. निघायच्या आधी बॉनेट उघडते आणि खरोखर तेल तपासते. परवा मी शेजारी उभा होतो. आकड्यांच्या खाचांत थोडा शेंदूर अजून अडकलेला दिसला. मी फडकं पेट्रोलमध्ये बुडवलं आणि विचारलं, "पुसून काढू?"

"ऱ्हाऊ दे," आक्का म्हणाली. "जलमभर लई जागा घेतली त्येन्नी. आता तेवढ्यात बसू देत."