अमावास्येला टाळलेली नोंद

लिहिणार : मी, अर्जनवीस, शिक्षण नववीपर्यंत, बैठक श्रीरामपुरातील एका आयुर्वेद रुग्णालयाच्या ओसरीत. घटनेचे दिवस : एक अमावास्या, तिच्यानंतरचा दिवस व पुढे विमा कंपनीचा तपासनीस आला तो दिवस. साक्षीदार : रुग्णालयाचे वैद्य, अर्धांगवायू झालेल्या एक बाई आणि त्यांचा मुलगा. नावे हेतुपुरस्सर वगळली आहेत. हकिकत खरी आहे.

रुग्णांचे विम्याचे दावे मी भरून देतो आणि दाखल होणाऱ्यांची नोंदवहीही माझ्याच अक्षरात असते. तालुक्यात माझ्या मसुद्याला मान आहे, हे नम्रपणे नमूद करतो.

त्या अमावास्येला मुलाने आईला आधार देत आत आणले. मी वही उघडताच बाई म्हणाल्या, "औषध आजच द्या, पर नाव उद्या घाला. आवसंला दवाखान्यात नाव चढलं की मानूस घरी येत न्हाई."

वैद्य हसले. "मावशी, आजार काय कॅलेंडर बघून आला का?"

"त्यो नसंल बघत, मी बघते."

असा हट्ट आमच्याकडे नवा नव्हता. मी दुसऱ्या दिवसाची तारीख टाकली. तेलाचे मालिश मात्र त्याच दुपारी सुरू झाले आणि औषधाच्या बिलावर दुकानदाराने अमावास्येचीच तारीख घातली. नोंदीची नक्कल आणि बिल, दोन्ही कागद मीच दाव्याला जोडले. तपासले नाहीत.

विमा कंपनीचे पत्र आले : रुग्ण दाखल होण्यापूर्वी उपचार कसे झाले? पंधरा दिवसांत खुलासा न आल्यास दावा बंद.

मुलगा धावत आला. "काका, आईची बोटं आत्ता कुठं हलाया लागलीत. पुढच्या महिन्यात दुसरी फेरी सांगितलीय. ह्यो दावा पास झाला तरच जमंल."

"निश्चिंत राहा," मी म्हणालो, आणि दुकानदाराकडून तारखेची चूक झाली असे प्रतिज्ञापत्र तयार केले. वैद्यांनी ते वाचून सहीविना परत ठेवले.

"दुकानदाराच्या गळ्यात कशाला घालता?"

"मग रुग्णालयाच्या गळ्यात घालू?"

त्याच दिवशी कंपनीचा तपासनीस येऊन थडकला. बाई घरून मालिशसाठी आलेल्या होत्या. प्रतिज्ञापत्र मी वहीखाली सरकवले.

"मावशी, इथं दाखल कोणत्या दिवशी झालात?"

मी मोठ्याने खाकरलो. मुलाने मान खाली घातली.

"आवसंला," बाई म्हणाल्या. "नाव दुसऱ्या दिवशी घातलं. मीच सांगितल्तं. ह्यांनी लिवलं." आणि डाव्या हाताने त्यांनी माझ्याकडे बोट केले.

"म्हणजे नोंद खोटी."

तपासनिसाने वही ओढून घेतली, मोबाईलवर तिथी काढून तो एकेक पान उलटू लागला. बराच वेळ गेला. शेवटी त्याने विचारले, "वर्षभरात एकाही अमावास्येला इथं कुणी दाखल झालं नाही?"

"झाले," मी म्हणालो. "नाव त्या दिवशी लिहिले नाही. कुणाचेच नाही."

"हे लेखी द्याल?"

मुलगा माझ्याकडे पाहत होता. वैद्यही. प्रतिज्ञापत्र मी वहीखालून काढून फाडले आणि कोरा कागद पुढे ओढला. इतक्या वर्षांत मी लोकांचे अर्ज लिहिले. स्वतःविरुद्ध एकही लिहिला नव्हता. त्या दिवशी लिहिला. त्याचा शेवट असा :

सबब विनंती की, बाई अमावास्येलाच दाखल झाल्या व उपचारही त्याच दिवशी सुरू झाले, हे ग्राह्य धरावे. नोंदवहीतील सर्व अमावास्या कोऱ्या आहेत, त्यावरून या रुग्णाकरिता वेगळी लबाडी झालेली नाही हे दिसून येईल. चुकीची तारीख माझ्या हातची आहे. तिचा दोष माझ्या नावे लिहावा, दावा मात्र अडवू नये. बाईंच्या उपचाराची दुसरी फेरी पुढील महिन्यात ठरली आहे. तत्पूर्वी आपला निर्णय, अनुकूल अथवा प्रतिकूल, कारणांसह लेखी कळवावा.