कुडपणच्या धुक्यात दिलेली ओ

महाडच्या एसटी डेपोत चहा घेताना मी भलतीच खुशीत होते. बावीस वर्षं कॉलेजात रोमँटिक कवी आणि चित्रकार शिकवते. त्यांना कड्यावर उभं राहून भरून यायचं. मला मात्र ते खडू हातात धरूनच सांगावं लागायचं. एकदा तरी स्वतः भरून यावं म्हणून निघाले होते.

पोलादपूरहून जीपने कुडपण गाठलं. भाद्रपद संपत आला होता आणि पठारावर धुक्यात स्वतःची छत्री दिसेना. जिथे उतरले त्या घरच्या शेवंताताईंनी नाचणीची भाकरी वाढली. गवत कापायला निघताना म्हणाल्या, "कड्याकडं जाव नका, बाई. धुकट हाय." मी अर्थातच गेले.

धुक्यातून एक लांबलचक हाळी आली. तिला कुठून तरी ओ मिळाली. मग दुसरी हाळी, दुसरी ओ. माणूस एकही दिसत नव्हतं, शब्दही कळत नव्हते. डोंगरच बोलत होता. अंगावर काटा आला, डोळे वाहू लागले. मग एका हाळीला ओ आली नाही. मला राहवेना. मी पोटातून ओ दिली.

अर्ध्या तासाने धुकं विरलं. समोर सरळसोट उतार, खाली सावित्रीचं खोरं, आणि त्या उतारावर विळे घेऊन पाच बायका.

"सुनंदा कुठं हाय?" शेवंताताई म्हणाल्या. "आताच तर तिनं ओ दिली."

"ती मी दिली," मी म्हटलं.

धुक्यात गवत कापताना इथे प्रत्येकीला नावाने हाळी घालतात. ओ आली नाही, की सगळ्या जणी काम टाकून शोधायला निघतात. माझ्या ओने तो शोध थांबवला होता.

सुनंदा खाली कारवीच्या जाळीत सापडली. पाय टम्म सुजलेला. तिची ओ वर पोचलीच नव्हती. तिच्या नावाची ओ दुसऱ्याच कुणी दिल्याचं ती तिथे पडून ऐकत होती.

शेवंताताई एवढंच बोलल्या, "ऐकायचं तर ऐकायचं व्हतं, बाई. ओ कशापायी दिलीत?"



पोलादपूरच्या दवाखान्यात तिला घेऊन जाणाऱ्या जीपनेच मी परत निघाले. वाटेत सुनंदाने विचारलं, "आमची हाळी कशी वाटली, बाई?"

"फार सुंदर," मी ओशाळून म्हटलं.

"आमाला पन वाटते. एक हाळी कामाची आसते. ओ आली तरी आमी आनकी एक घालतो, ती उगाच. दरी भरून येते ना."

बावीस वर्षं ज्यांच्याविषयी शिकवलं, त्यांतली एक मला पहिल्यांदाच भेटली होती. तिचा सुजलेला पाय माझ्या मांडीवर होता.