एका कॅनमध्ये काकींचं माहेर

एवढी वर्षं बोनकोड्यात राहून मी खाडी पाहिली ती फक्त वाशीच्या पुलावरून, बसच्या खिडकीतून. त्यामुळे मासळी बाजारात बोंबील साफ करता करता हिराकाकी म्हणाल्या, “ऐतवारी होरीनं माह्यारी चाललंव, न्हाव्याला. येशील का गो?” तेव्हा मी पिशवी पुढे करायचीच विसरले.

हिराकाकी वाशीगावच्या. त्यांच्याकडून मी मासळी घेते आणि मासळीइतकाच राग-लोभही घेते. या आमंत्रणामागे मात्र कारण होतं. त्यांचे यजमान धर्माकाका यांच्या फायबरच्या होडीला मागे एक जुनं टू-स्ट्रोक इंजिन आहे. काका त्याच्यावर जीव टाकतात आणि ते पेट्रोलवर. पेट्रोलचा खर्च उचलतो मुलगा प्रसाद, जो पावणे गावातल्या एका कारखान्यात नोकरीला आहे. त्याने सरळ सांगून टाकलं होतं: एका कॅनमध्ये न्हाव्याला जाऊन परत आलात तर इंजिन राहील, नाहीतर विकून टाकू. इंजिन गेलं की होडी गेली आणि होडी गेली की काकींचं पाण्यावरून माहेरी जाणंही गेलं. बसने, रिक्षाने जाता येतंच की. पण काकींच्या मते असं गेलं की माहेरी पोचतं ते फक्त शरीर.

“ताई, तुम्ही अंपायर,” प्रसाद मला फोनवर म्हणाला. “पप्पा स्कोअर फिरवतात.”

रविवारी सकाळी मी बसने वाशीला उतरले आणि रिक्षाने गावात गेले. कुणाला जायचं असेल तर आधीच सांगते, इथे तिकीट-बिकीट काही नसतं. या मासेमारीच्या होड्या आहेत, कुणाची ओळख असेल आणि त्यांची मर्जी असेल तरच जागा मिळते. टोपी, पाणी आणि लाइफ जॅकेट हवंच. चपला चिखलात राहिल्या तरी चालतील अशा घाला. माझी एक राहिली.

“पानी सुकतीला लागलंय, बसा,” काका म्हणाले. ओहोटीला इथे सुकती म्हणतात. सुकतीबरोबर न्हाव्याकडे उतरायचं आणि भरतीबरोबर घरी यायचं, म्हणजे निम्मं काम पाणीच करतं. पेट्रोल वाचवायची ही काकांची जुनी रीत. प्रसादच्या सूचना वेगळ्या होत्या: बुडाला चिकटलेली कालवं खरवडा, रेस अर्ध्यावर ठेवा, वजन कमी घ्या. काकांनी आदल्या दिवशी बूड खरवडलं होतं म्हणे. एकच बाजू. दुसऱ्या बाजूला जाईपर्यंत भरती आली होती.

खाडीतून नवी मुंबई फार वेगळी दिसते. टॉवर मागे सरकतात आणि पुढे येते ती खारफुटी, तिच्या मुळांशी चिखलात धावणारे खेकडे आणि उथळ पाण्यात माना खाली घालून चरणारे फ्लेमिंगो. इंजिन संथ लयीत चालत होतं. काका शहाण्यासारखे बसले होते. सारसोळे मागे पडलं, आणि तिथे मागून एक चकचकीत फोर-स्ट्रोक इंजिनाची होडी आली. चालवणारा काकांचा लांबचा मेहुणा होता.

“काय धर्मा, वल्हं देव का?” असं म्हणून तो हसत पुढे गेला.

काकांनी रेस अशी पिळली की माझी टोपी उडाली.

“अवो! प्वारानं काय सांगलंय?” काकी ओरडल्या.

“ता इंजिनालाच खोकला आला,” काका म्हणाले. बेलापूरपर्यंत तो खोकला काही थांबला नाही.

पनवेलच्या खाडीचं तोंड ओलांडलं, लांबवर समुद्रावरचा नवा पूल दिसला आणि थोड्या वेळात न्हाव्याचा धक्का आला. काकींचा भाऊ पाण्यात उतरून उभा होता. होडी लागायच्या आधीच काकी बोलू लागल्या होत्या. जेवायला तांदळाच्या भाकऱ्या, निवट्यांचं कालवण आणि सुक्या जवळ्याची चटणी. निवट्या म्हणजे चिखलात उड्या मारणारे ते छोटे मासे. मी साताऱ्याकडची, आधी नको म्हणाले, नंतर रस्सा मागून घेतला. जेवणाचे पैसे विचारलेत तर तुम्हाला कायमची नावं ठेवतील, जाताना मिठाई न्या.

निघायची वेळ झाली आणि खरी पंचाईत तिथे झाली. लेकीला रिकाम्या हाताने पाठवायची त्या घराची पद्धत नाही. आधी नारळ आले. मग सुकटीची पिशवी, तांदळाचं पोतं. आणि शेवटी भाऊ आणि वहिनी मिळून एक दगडी पाटा-वरवंटा घेऊन आले. घर पाडून नवीन बांधायचं होतं, नव्या ओट्यावर पाट्याला जागा नव्हती.

“आयचा हाय,” भाऊ एवढंच म्हणाला.

काकींनी पाट्यावरून हात फिरवला, मग काकांकडे पाहिलं. आमच्या तिघांच्याही डोक्यात तो एकच कॅन होता. काकांनी नारळांकडे बघितलं, इंजिनाकडे बघितलं, आणि कुणाला हात लावू न देता पाटा स्वतः उचलून होडीत मधोमध ठेवला. मला त्या माणसाचं तेव्हा फार कौतुक वाटलं.

परतीला भरती सोबत होती, तरी होडी जडच चालली होती. काकी वरवंटा मांडीवर घेऊन बसल्या होत्या. सारसोळे आल्यावर त्यांनी टाकीत डोकावून पाहिलं आणि शांतपणे म्हणाल्या, “वाढलं.”

मला एवढा आनंद झाला म्हणून सांगू! एवढं वजन, एवढी शर्यत आणि तरी उरलं? मी लगेच प्रसादला लिहिलं: “सारसोळे आलं. आई म्हणतात, पेट्रोल वाढलं!” सोबत नाचणारी बाहुली पाठवली.

इंजिन दोनदा खोकलं, या वेळी खरोखरचं, आणि बंद पडलं.

“काकी, तुम्ही तर म्हणालात वाढलं!”

“मंग? वाढलंच.” त्यांनी मला शाळेतल्या मुलीसारखं विचारलं, “बांगडी वाढली म्हंजे काय झाली?”

“फुटली.”

“नारल वाढवला म्हंजे?”

“फोडला.”

“मंग पेट्रोल वाढलं म्हंजे?”

मी कपाळाला हात लावला. काकी म्हणाल्या, “होरीत बसून ता दुसरा शब्द काढायचा नाय. घरातबी नाय. आमच्याकडं तांदूल वाढतान, तेल वाढतं.”

काकांनी वल्हं घेतलं. भरती आम्हाला हळूहळू घराकडे ढकलत होती. माझ्या हातात फोन होता. काही न बोलता गप्प बसले असते तर इंजिन वाचलं असतं. तसं मनात आलंही.

“खरं काय ता लिव, पोरी,” काका वल्हं न थांबवता म्हणाले.

मी लिहायला घेतलं, तेवढ्यात वाशीच्या बाजूने एक होडी येताना दिसली. पुढे प्रसाद उभा होता आणि त्याच्या हातात पेट्रोलचा भरलेला कॅन.

“तुला कसं कळलं?” मी विचारलं.

“आईचं ‘वाढलं’ मला नाय कळणार? लहानपणी ती तांदूळ वाढले म्हणाली, की दुकानात मलाच पळवायची.” मग त्याला पाटा दिसला. तो आमच्या होडीत येऊन खाली बसला आणि पाट्याच्या झिजलेल्या खोलगट भागावर त्याने तळवा ठेवला. “आजीचा?”

काकींनी मान हलवली.

काका घसा खाकरून म्हणाले, “ठरलं ता ठरलं. इंजिन ईकून टाक.”

प्रसादने टाकीचं झाकण उघडलं आणि कॅन तिरका केला. पेट्रोल आत जात असताना तो म्हणाला, “पप्पा, तो विषय वाढला.”

काकींनी तोंडाला पदर लावला. हसत होत्या की रडत होत्या, ते मला कळलं नाही, आणि मीही तेव्हा नीट बघण्याच्या स्थितीत नव्हते.

पुढच्या महिन्यात ते दोघं पुन्हा न्हाव्याला जाऊन आले. या वेळी प्रसादने उभं राहून बुडाच्या दोन्ही बाजू खरवडून घेतल्या होत्या, आणि पाटा घरी होता. काकींनी मला बाजारात मुद्दाम सांगितलं की पेट्रोल उरलं. उरलेल्याला त्या उरलंच म्हणतात.

त्या दिवशी मी एका चपलेनिशी घरी आले होते, खांदे उन्हाने भाजले होते आणि केसांना चिखलाचा वास होता. पण मला आठवतं ते वेगळंच. काकींनी नंतर त्या पाट्यावर वाटलेली जवळ्याची चटणी मला डब्यातून दिली होती. डबा घासूनपुसून परत करायला गेले, तेव्हा जिभेवर आलेला शब्द मी गिळला.

“काकी, चटणी वाढली.”

काकींनी माझ्याकडे पाहिलं, डबा घेतला आणि पुन्हा काठोकाठ भरला.